कशाचं रिकामं?

मुंबईहून सुरतेकडे जाताना नवसारी आणि मरोली मागे पडली की सचिन नावाचं स्टेशन लागतं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, तरी खिडकीतल्या मराठी माणसाचा हात मोबाइलकडे जातोच. २०२३ साली सुनील गावसकरांनी या स्टेशनचा फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि अनेकांना हे गाव पहिल्यांदा कळलं. नावाचा तेंडुलकरांशी काही संबंध नाही. ते त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. आज सचिन म्हटलं की सुरतेतल्या माणसाला जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत आठवते: यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या मिली, धाग्याला पीळ देणारे कारखाने, रसायनांची गोदामं. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो माणसं अशा कारखान्यांत कामाला जातात. पाळी सुटताना कानावर अहिराणी पडते.

पण मराठी माणसाचा सचिनशी संबंध यंत्रमागापेक्षा बराच जुना आहे. सचिन हे संस्थान जन्माला आलं ते पुण्यात ठरलेल्या एका व्यवहारातून. मुरूडजवळचा जंजिरा शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांना मिळाला नाही, पेशव्यांनाही मिळत नव्हता. अशात जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात गादीवरून भाऊबंदकी झाली आणि हक्क सांगणारा एक वारस, सिद्दी अब्दुल करीम उर्फ बाळू मियाँ, पुण्याच्या आश्रयाला आला. पेशव्यांच्या गादीवर सवाई माधवराव होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. १७९१ साली करार झाला. बाळू मियाँने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना सोडून दिला आणि बदल्यात त्याला सुरतेजवळचा, वर्षाला सुमारे ७५ हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख मिळाला. तेच सचिन. बाळू मियाँ नवाब झाला आणि त्याच्या वंशजांनी तिथे १९४८ पर्यंत राज्य केलं.

पुण्याला काय मिळालं? कागदावर जंजिरा. प्रत्यक्षात जंजिरा ज्याच्या ताब्यात होता त्याने किल्ला सोडला नाही, आणि सोडायला लावणारं आरमार पुण्याकडे उरलेलं नव्हतं. मराठी राज्य १८१८ साली बुडालं तेव्हाही जंजिरा सिद्दींचाच होता, आणि तोही १९४८ पर्यंत. नाना फडणवीसांसारख्या धूर्त माणसाने खरी जमीन देऊन पोकळ हक्क विकत घेतला, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं एक नवल वाटतं. त्यांना ते कळत नसेल असं नाही. उद्या संधी आली तर दाव्याचा कागद हाताशी असावा, एवढाच हिशेब असावा. संधी आली नाही.

अशा कागदाला इंग्रजीत पटकन जो शब्द लावला जाईल तो म्हणजे ‘व्हॉइड’. भाडेकराराच्या शेवटी, विमा पॉलिसीच्या बारीक अक्षरांत, नोकरीच्या पत्रात आपण तो ‘नल अँड व्हॉइड’ असा जोडीने वाचतो. शब्दकोशात अर्थ एका ओळीत संपतो: रिकामं, पोकळ, शून्य. व्यवहारात मात्र तो वकिलाकडे एक असतो, गवंड्याकडे दुसरा, डॉक्टरकडे तिसरा, आणि यांतला कोणीही ‘काहीच नाही’ या अर्थाने तो वापरत नाही. प्रत्येकाच्या मनात एक न विचारलेला प्रश्न असतो: कशाचं रिकामं? १७९१चा करार शब्दांनी, शिक्क्यांनी, मुलखाच्या मोजणीने पुरेपूर भरलेला होता. तो रिकामा होता फक्त ताब्याचा.

शब्दाच्या घराण्याबद्दल थोडं. ‘व्हॉइड’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘व्हॅक्यूम’ आणि ‘व्हेकंट’ यांच्या शेजारीच आहे. ‘अव्हॉइड’ म्हणजे टाळणं हा आजचा अर्थ. कायद्यात त्याचा जुना अर्थ ‘रद्द करणं’ असा अजून जिवंत आहे. मुंबई इलाख्यात १८६५ साली पैजा-जुगाराच्या करारांबद्दल एक कायदा झाला, त्याच्या नावातच ‘अव्हॉइडिंग’ आहे. अर्थ पैजा टाळा असा नाही, पैजा रद्द असा आहे. आणि ‘नल अँड व्हॉइड’ या जोडशब्दाला हसायचं कारण नाही, कारण आपणही तेच केलंय. ‘रद्द’ अरबी, ‘बातल’ही अरबी, दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, आणि आपण दप्तरात लिहितो ‘रद्दबातल’. दोनदा मारल्याशिवाय कागद मेला असं कारकुनाला कुठल्याच देशात वाटत नाही.

आता बांधकामावर जाऊ, कारण तिथे रिकाम्याचे पैसे मोजावे लागतात. वाळू ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यातली वाळूच्या कणांची जागा साधारण ६० ते ६५ घनफूट. बाकीची ३५-४० घनफूट म्हणजे कणांमधल्या फटी, ज्यांना इंजिनिअर ‘व्हॉइड्स’ म्हणतात. यात फसवणूक नाही, गोल-ओबडधोबड कण एकमेकांवर असेच बसतात. गंमत पुढे आहे. वाळू किंचित ओली असली, म्हणजे वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी असलं, की कणांभोवतीचा पाण्याचा पापुद्रा त्यांना एकमेकांपासून दूर धरतो आणि बारीक वाळू पाव पटीने किंवा त्याहूनही जास्त फुगते. पूर्ण भिजवली की पुन्हा बसते. म्हणजे सकाळी दमट वाळूचा ट्रक मापून घेणारा माणूस त्याच पैशात कमी वाळू आणि जास्त हवा विकत घेतो. जुने मिस्त्री वाळू मुठीत दाबून पाहतात, ती यासाठीच.

काँक्रीटमध्ये हिशेब जास्त कडक होतो. वाळूच्या फटी सिमेंटने भराव्यात, खडीच्या फटी वाळू-सिमेंटच्या मसाल्याने भराव्यात, अशी ती रचना. ओतताना अडकलेली हवा बाहेर काढण्यासाठी व्हायब्रेटर फिरवतात. तो फिरवायचा कंटाळा केला आणि काँक्रीटमध्ये पाच टक्के पोकळी राहिली, तर ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते. दहा टक्के राहिली तर निम्म्याहून जास्त जाते. फळ्या काढल्यावर खांबाच्या पायाशी मधमाशांच्या पोळ्यासारखी जी भोकं दिसतात, त्याला साइटवर ‘हनीकोंब’ म्हणतात, आणि ते गिलाव्याखाली झाकायची घाई सर्वांना असते. घर बांधून घेणाऱ्याने गिलाव्याआधी एकदा खांब-तुळया पाहून याव्यात. नंतर दिसत नाही.

गवंड्याला पोकळी नको असते. सुरतेत असेही कारखाने आहेत, ज्यांचा धंदाच पोकळी तयार करण्यावर चालतो, आणि त्यांचा माल आपल्या लग्नघरांत असतो. तो माल म्हणजे जरी. येवल्याच्या पैठणीच्या काठापदराला लागणारी जरी सुरतेहून येते, हे पैठणी घेणाऱ्यांना ठाऊक असतं. खरी जरी म्हणजे चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमी धाग्यावर गुंडाळायची आणि सोन्याचा मुलामा द्यायचा. ती महाग. त्यामुळे स्वस्त साड्या, लेस, ओढण्यांची किनार यांत चमकतं ते बहुतेक वेळा प्लॅस्टिक असतं: पॉलिस्टरची पातळ फिल्म, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर, त्यावर सोनेरी रंगाची लाख, आणि मग त्या फिल्मच्या केसासारख्या बारीक पट्ट्या.

प्रश्न असा की, सुमारे १२ मायक्रॉन जाडीच्या फिल्मवर तिच्याहूनही शेकडोपट पातळ धातूचा थर लावायचा कसा? ब्रशने नाही, आणि वितळलेल्या धातूत बुडवून तर नाहीच. फिल्म जळून जाईल. त्यासाठी फिल्मचा गुंडा एका मोठ्या पोलादी टाकीत चढवतात आणि टाकीतली हवा पंपांनी काढतात, बाहेरच्या दाबाच्या साधारण एक कोटीव्या भागापर्यंत. मग तापलेल्या पन्हळीवर अ‍ॅल्युमिनियमची तार सोडत राहतात. चौदा-पंधराशे अंश तापमानाला तिची वाफ होते, ती वाफ वर जाते आणि थंड रुळावरून धावणाऱ्या फिल्मवर बसते. थराची जाडी फक्त दोन आकडी नॅनोमीटर.

हवा काढायची कशासाठी? दोन कारणं. एक तर तापलेला अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन पकडतो आणि चकाकी जाते. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. साध्या हवेत एखादा कण मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाइतकं अंतर गेला की दुसऱ्या कणावर आपटतो. अशा गर्दीतून अ‍ॅल्युमिनियमची वाफ फिल्मपर्यंत पोचणारच नाही, मधेच तिची धूळ होईल. दाब एक कोटीव्या भागावर आणला की तोच कण अर्ध्या मीटरहून जास्त अंतर न आपटता जातो. थोडक्यात, टाकी रिकामी केली ती वाट मोकळी करण्यासाठी. आणि ती पूर्ण रिकामी नसतेच: इतकी हवा काढल्यावरही दर घनसेंटिमीटरला अडीच लाख कोटींच्या आसपास रेणू उरतात. कारखान्याच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा.

सचिनमध्येच २००० सालापासून सुरत विशेष आर्थिक क्षेत्र चालू आहे. खासगी क्षेत्रात सुरू झालेलं देशातलं हे पहिलं. तिथला मुख्य धंदा हिरे आणि दागिने. गेल्या काही वर्षांत सुरतेचं नाव ज्या प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांसाठी घेतलं जातं, त्यांचीही सुरुवात हवा काढण्यापासून होते. बंद कोठी आधी पंपाने उपसायची, मग मिथेन आणि हायड्रोजन सोडायचा, वायू तापवून प्लाझ्मा करायचा, आणि मिथेनमधला कार्बन हिऱ्याच्या पातळ चकतीवर थराथराने बसू द्यायचा. हे आठवडेच्या आठवडे चालतं. कोठीत हवेतला नायट्रोजन शिरला तर हिऱ्यात पिवळसर-तपकिरी झाक येते. तेव्हा ही कोठी प्रामुख्याने नायट्रोजनची रिकामी हवी. इतर वायू तर आपणच भरतो. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरटचा हिरा सुरतेत असाच वाढवलेला होता.

रिकामी जागा ‘ओढते’ असं आपण समजतो. स्ट्रॉने उसाचा रस पिताना, व्हॅक्यूम क्लीनर फिरवताना तसंच वाटतं. अ‍ॅरिस्टॉटलपासून दोन हजार वर्षं युरोपातल्या विद्वानांनाही तसंच वाटत होतं: निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून तो ती भरायला धावतो. फ्लॉरेन्सच्या टोरिचेलीने १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी धरून याला सुरुंग लावला. पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला, वर मोकळी जागा राहिली, आणि निसर्गाने ती भरली नाही. पारा वर ओढला जात नव्हता. बाहेरच्या हवेचं वजन त्याला खालून ढकलत होतं, आणि त्या वजनाची ऐपत ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतकीच होती. पाण्यात तीच ऐपत सुमारे १०.३ मीटर.

हे खानदेशातल्या शेतकऱ्याला टोरिचेलीशिवाय ठाऊक आहे. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटर पाणी सात-साडेसात मीटर खाली गेलं की उचलत नाही, मग ती कितीही हॉर्सपॉवरची असो. म्हणून मोटर विहिरीत खाली उतरवतात, कडेला कप्पा करून बसवतात. मोटर चालू करण्याआधी पाइपात पाणी भरावं लागतं, फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर ‘मोटरने हवा घेतली’ म्हणतात आणि सगळं पुन्हा. पंप फक्त वाट रिकामी करतो, ढकलण्याचं काम वरची हवा करते, आणि हवा कोणाच्याही हॉर्सपॉवरला भीक घालत नाही. पाणी खोल गेल्यावर पाणबुडी पंप आले ते याच कारणाने. ते पाण्यात बसून खालून ढकलतात. त्यांना पोकळीची गरजच नसते.

रेल्वेने या पोकळीवर कितीतरी वर्षं ब्रेक चालवले. डब्यांखालच्या नळीतली हवा इंजिन काढून घ्यायचं आणि पोकळी टिकून असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहायचे. साखळी ओढली की नळीत हवा शिरायची आणि ब्रेक लागायचे. गाडी मधून तुटली तर दोन्ही तुकड्यांत हवा शिरायची आणि दोन्ही आपोआप थांबायचे. रिकामं असणं म्हणजे सगळं ठीक, आणि भरणं म्हणजे धोका. पुढे दाबाच्या हवेचे ब्रेक आले, कारण पोकळीचा जोर कितीही केलं तरी एका वातावरणाच्या दाबापलीकडे जात नाही आणि लांब मालगाड्यांना तो पुरेना. शब्द मात्र मागे राहिला. सचिनच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बिहारी कामगाराला विचारा. साखळी ओढण्याला त्याच्या गावी अजून ‘भैकम’ म्हणतात. तो इंग्रजी ‘व्हॅक्यूम’च आहे.

जाता जाता: नेता गेला की आपल्याकडे ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ निर्माण होते. पदार्थविज्ञान याला साक्ष देत नाही. पोकळी भरायला टपलेली हवा चारही बाजूंनी उभी असते. ती भरू न देणं हेच खर्चाचं काम आहे. राजकारणातही बाराव्याच्या आत पोस्टर लागलेली दिसतात.

इंग्रजीत ‘व्हॉइड’ हे क्रियापदही आहे, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांना ते सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये भेटतं. ‘प्री-व्हॉइड’ आणि ‘पोस्ट-व्हॉइड’ असे दोन आकडे असतात. व्हॉइड म्हणजे इथे लघवी करणं. तंत्रज्ञ आधी भरपूर पाणी प्यायला लावतो, मूत्राशय मोजतो, मग जाऊन या म्हणतो आणि पुन्हा मोजतो. दुसरा आकडा महत्त्वाचा: सगळं झाल्यासारखं वाटल्यावर आत किती उरलं. साधारण ५० मिलिलीटरच्या आत असेल तर डॉक्टर निर्धास्त असतात. २०० च्या वर गेला तर प्रोस्टेट वाढली आहे का, मूत्राशयाच्या स्नायूंची ताकद कमी झाली आहे का, ते पाहतात. उरलेली लघवी साचून राहते, तिच्यात जंतू वाढतात, खडे होतात, आणि फार वाढली तर मूत्रपिंडांवर दाब येतो. हा रिपोर्ट वाचताना घाबरण्याचं कारण नाही, पण ‘आता मोकळं वाटतंय’ हे रुग्णाचं म्हणणं आणि यंत्राचा आकडा यांत फरक निघू शकतो, म्हणून तर तपासणी. एक बारीक सूचना: दवाखान्यात ताटकळल्यामुळे मूत्राशय तट्ट फुगलं असेल तर दुसरा आकडा उगाच मोठा येतो. तसं झालं असेल तर डॉक्टरांना सांगा.

रिकामं करणं म्हणजे कुठेतरी ओतणं, हे या क्रियापदात दडलेलं असतं. मालवाहतुकीत ‘गाडी खाली केली’ म्हणतात, आणि कुठे खाली केली हे विचारावंच लागतं. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत एका टँकरमधलं रासायनिक सांडपाणी बेकायदा नाल्यात सोडलं गेलं. विषारी वायू उसळला आणि शेजारच्या मिलीतले सहा कामगार दगावले. टँकर रिकामा झाला होता, एवढंच.

विज्ञानातल्या एका अवाढव्य ‘व्हॉइड’बद्दल दोन ओळी पुरेत. भूतप तारकासमूहाच्या दिशेला १९८१ साली खगोलशास्त्रज्ञांना अवकाशाचा असा प्रदेश सापडला, जिथे आकाशगंगा जवळपास नाहीत. व्यास सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं. त्यातही पुढे साठेक आकाशगंगा मिळाल्या. म्हणजे तो रिकामा आहे तो अपेक्षेच्या हिशेबाने. इतक्या जागेत हजारो असायला हव्या होत्या. इंजिनिअरिंगची मुलं संगणकाच्या सी भाषेत ‘व्हॉइड’ लिहितात, तेव्हा त्यांनाही कशाचं रिकामं तेच सांगायचं असतं: हे फंक्शन काम करील, पण परत काही देणार नाही.

आता कायदा, कारण साध्या माणसाचं सर्वांत मोठं नुकसान किंवा रक्षण या शब्दाने तिथेच होतं. १८७२ चा भारतीय करार कायदा ‘व्हॉइड’ आणि ‘व्हॉइडेबल’ यांत फरक करतो. व्हॉइड म्हणजे कायद्याने ज्याची अंमलबजावणी होऊ शकत नाही ते. अल्पवयीन मुलाबरोबरचा करार असाच: १९०३ साली मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो मुळापासूनच शून्य ठरवला. पैजेचा करार व्हॉइड. अशक्य गोष्टीचा करार व्हॉइड. कायद्याने स्वतःच दिलेलं उदाहरण आहे, जादूने गुप्तधन शोधून देण्याचं. मांत्रिकाला आगाऊ रक्कम देणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

व्हॉइडेबल वेगळं. धाक, फसवणूक, गैरवाजवी दबाव यांतून झालेला करार आपोआप रद्द होत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो रद्द करायला हवा. तोवर तो चालू. फसवणारा मात्र तो स्वतःहून रद्द करू शकत नाही. मराठीत दोन्हींना आपण ‘बेकायदा’ म्हणून मोकळे होतो आणि फरक हरवतो. सचिनच्या बाळू मियाँने या दोन्हींच्या पलीकडची खेळी केली: हक्क सोडण्याचा करार त्याने पाळला, फक्त त्या हक्काबरोबर किल्ला नव्हता.

लग्नाच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात आधीची पत्नी किंवा पती जिवंत असताना, घटस्फोट न होता केलेलं दुसरं लग्न व्हॉइड. न्यायालयाने सांगितलं नाही तरी ते लग्न नव्हतंच. पण त्यातून झालेली मुलं औरसच मानली जातात; कायद्याने लग्नाला शून्य म्हटलं तरी मुलाला शून्य म्हटलं नाही, हे कलम १६ चं मोठं काम. बालविवाह मात्र बहुतेक वेळा आपोआप व्हॉइड नसतो. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ सालचा. अपहरण, फसवणूक, विक्री अशा मोजक्याच प्रकारांत तो लग्न पूर्ण शून्य मानतो. एरवी ते व्हॉइडेबल असतं, आणि ते रद्द करून मागण्याचा हक्क ज्याचं बालपणी लग्न झालं त्यालाच असतो. शाळेत, ग्रामसभेत, मोर्चांत ‘बालविवाह बेकायदा आहे’ एवढंच सांगितलं जातं. ते खरं आहे, लावून देणाऱ्यांना शिक्षाही आहे. पण सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीने ‘ते तर कायद्याने नाहीच’ असं समजून काही केलं नाही, तर लग्न टिकतं.

म्हणून तिच्यापर्यंत पोचायला हवं ते हे. जिल्हा न्यायालयात, आणि जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात, विवाह शून्य ठरवण्याचा अर्ज करता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षं, म्हणजे विसावं वर्ष पूर्ण होण्याआधी तो करावा लागतो. अठराच्या आतल्या मुलीचा अर्ज पालक किंवा जवळचा माणूस बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह करू शकतो; महाराष्ट्रातल्या खेड्यांत हे काम ग्रामसेवकाकडे आहे. निकालाबरोबर निर्वाहखर्चाचा आदेश होऊ शकतो आणि लग्नात दिलेल्या-घेतलेल्या वस्तू परत करण्याचाही. लग्न होण्याआधी कळलं तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. तो विनाशुल्क आहे आणि दिवसरात्र चालू असतो.